मुलाच्या पसरलेल्या कॅन्सरवर केमो, ऑपरेशन आणि स्टेम सेल प्रत्यारोपण: नाशिक जिल्ह्यातल्या पालकांसाठी

पोटात गाठ लागते, मूल लंगडायला लागतं, डोळ्यांभोवती मार बसल्यासारखं काळंनिळं दिसतं, ताप उतरता उतरत नाही. दोन-तीन डॉक्टर होतात आणि मग सोनोग्राफीत मूत्रपिंडाच्या वर गाठ दिसते. न्यूरोब्लास्टोमा हा बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होणारा कॅन्सर. मज्जासंस्थेच्या अर्धवट वाढलेल्या पेशींपासून तो सुरू होतो आणि निदान होईपर्यंत अनेक मुलांमध्ये हाडांत आणि अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोत, पोचलेला असतो. अशा मुलांना केमो, ऑपरेशन, स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) प्रत्यारोपण, रेडिएशन आणि नंतर गोळ्या अशी लांबलचक साखळी सांगितली जाते. सगळं मिळून वर्षभर, कधी दीड वर्ष.

नाशिकहून मुंबईला उपचाराला जाणाऱ्या कुटुंबांना मदत करताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. पालक औषधांची नावं पाठ करतात, पण दोन पायऱ्यांमधल्या तारखांकडे दुर्लक्ष होतं. या उपचारात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने मिळवून दिलेल्या थोड्या दिवसांच्या सवडीवर उभी असते. ती सवड हुकली की गाठ पुन्हा डोकं वर काढते. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर पाऊस पडला की फवारणी उद्यावर ढकलता येत नाही, हे निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही. इथेही हिशेब तसाच दिवसांचा आहे. म्हणून हा लेख मुख्यतः तारखा कशा सांभाळायच्या, कोणतं काम नाशिकला करायचं आणि कोणतं मुंबईला, याबद्दल आहे. कोणतं औषध किती द्यायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

गाठ काढायची घाई करू नका

ही पहिली सूचना, आणि सगळ्यात महत्त्वाची. गाठ दिसली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आधी कापून टाका ना." पसरलेल्या न्यूरोब्लास्टोमात सुरुवातीला फक्त तुकडा घेतात, म्हणजे बायोप्सी करतात. गाठ महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांना विळखा घालून बसलेली असते. त्या अवस्थेत मोठं ऑपरेशन केलं तर रक्तस्राव होतो, मूत्रपिंड गमवावं लागू शकतं आणि मूल सावरेपर्यंत केमो लांबते. तोवर हाडांतला आजार मोकळाच असतो.

बायोप्सी नाशिकमध्ये झाली असेल तर पॅथॉलॉजीतून मेणाचा ब्लॉक आणि स्लाईड, दोन्ही मागून घ्या. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. मोठ्या केंद्रात ते ब्लॉक पुन्हा तपासतात आणि त्याच तुकड्यावर एमवायसीएन नावाच्या जनुकाची तपासणी करतात. या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर आजार जास्त आक्रमक धरतात. दीड वर्षांपेक्षा मोठं मूल आणि लांब पसरलेला आजार, हीसुद्धा हाय रिस्कची, म्हणजे जास्त धोक्याच्या आजाराची, खूण आहे.

बाकीच्या तपासण्या म्हणजे लघवीतलं व्हीएमए (ही गाठ सोडते ते रसायन), दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडातून बोन मॅरो, सीटी किंवा एमआरआय आणि एमआयबीजी स्कॅन (किरणोत्सारी आयोडीन असलेलं औषध टोचून आजार कुठे कुठे आहे ते दाखवणारा). एमआयबीजीच्या आधी थायरॉइड वाचवण्यासाठी आयोडीनचे थेंब देतात, ते सांगितलेल्या दिवसापासूनच सुरू करा. सर्दी-खोकल्याची काही सिरप या स्कॅनचा निकाल बिघडवतात. त्यामुळे मुलाला गेल्या काही दिवसांत काय काय पाजलं, अगदी मेडिकलमधून परस्पर आणलेलं सिरपसुद्धा, स्कॅनची तारीख घेतानाच सांगा.

कुठे जायचं

नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालय आहे, शालिमारजवळ विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, कॅन्सरची खासगी रुग्णालयंही आहेत. पण लहान मुलाच्या पसरलेल्या कॅन्सरचा पूर्ण आराखडा एकाच टीमने आखलेला असावा, असं माझं ठाम मत आहे. त्या टीममध्ये मुलांचे कॅन्सरतज्ज्ञ, मुलांचे सर्जन, प्रत्यारोपण विभाग आणि रेडिएशन, सगळे हवेत. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल (त्यांचा प्रत्यारोपण विभाग खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे), परळचंच वाडिया मुलांचं रुग्णालय आणि बोरिवलीचं महापालिकेचं मुलांचं प्रत्यारोपण केंद्र ही नावं तुमच्या कानावर येतील.

पहिल्याच भेटीत विचारा: "यातलं काय काय नाशिकमध्ये करता येईल?" बहुतेक वेळा रक्ततपासणी, रक्त-प्लेटलेट चढवणं, पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं आणि तापावरचा तातडीचा इलाज नाशिकला होऊ शकतो. काही केमो सायकल, म्हणजे केमोच्या फेऱ्याही, होऊ शकतात. पण त्यासाठी मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आणि ते पत्र स्वीकारणारे नाशिकचे बालरोगतज्ज्ञ हे दोन्ही पहिल्या केमोच्या आधी ठरलेलं हवं. रात्री दोनला तापलेलं मूल कडेवर घेऊन ओळखपाळख नसलेल्या कॅज्युअल्टीत सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची वेळ येऊ देऊ नका.

पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. योजनेची हेल्पलाइन १५५३८८. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला एकच प्रश्न नीट विचारा: केमो, ऑपरेशन, स्टेम सेल गोळा करणं, प्रत्यारोपण, रेडिएशन, यातलं काय योजनेत बसतं आणि काय बाहेर राहतं? ते कागदावर लिहून घ्या. बाहेर राहणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि ट्रस्ट यांच्याकडे अर्ज करावे लागतात, आणि ते मंजूर व्हायला वेळ लागतो. म्हणून प्रत्यारोपणाच्या पैशांचे अर्ज दुसऱ्या केमोच्या सुमारासच घाला. रेशनकार्ड, सगळ्यांचं आधार, मुलाचा जन्मदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांनी सही-शिक्क्यानिशी दिलेलं खर्चाचं पत्रक, या सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स फाईलमध्येच ठेवा.

प्रवासाचं: कर्करुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेत सवलत मिळते. स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सूट, चेअर कारमध्ये दोघांनाही ७५ टक्के. नाशिक रोडहून पंचवटीने जाणाऱ्यांना चेअर कारची सवलत उपयोगी पडते. एसटीतही सवलत आहे. मात्र काउंट पडलेल्या, म्हणजे केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिवसांत गर्दीच्या डब्यात मुलाला नेऊ नका. त्या फेरीपुरती गाडी करा, हा खर्च वाया जात नाही. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की रेल्वे आणि रस्ता दोन्ही अडतात, आणि सिंहस्थातल्या पर्वणीच्या दिवसांत नाशिकमधून बाहेर पडणंच अवघड. केमोची तारीख अशा दिवसांत येत असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत पोचा.

राहायला परळचं नाना पालकर स्मृती समितीचं सदन आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स आहेत, तिथे रुग्णालयाच्या शिफारशीने विनामूल्य राहता येतं. नंबर लागायला वेळ लागतो म्हणून समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव द्या.

सुरुवातीची केमो

सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, इटोपोसाइड, व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन अशी औषधं आलटून पालटून देतात. काही पद्धतींत दर तीन आठवड्यांनी पाच-सहा सायकल असतात, तर काहींत दर दहा दिवसांनी आठ. हाताच्या शिरा सुरक्षित राहाव्यात म्हणून छातीतल्या मोठ्या शिरेत पोर्ट (कातडीखाली राहणारी डबी) किंवा हिकमन लाइन बसवतात. हिकमनची नळी बाहेर असते. तिचं ड्रेसिंग आणि फ्लशिंग वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून घ्या, आणि दोघांनी शिका. एकट्या आईने शिकलं आणि ती आजारी पडली तर पंचाईत होते.

सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येऊ शकतं, म्हणून आधी आणि मधूनमधून कानांची तपासणी लागते. डॉक्सोरुबिसिनसाठी हृदयाची इको. या तपासण्या मागे पडल्या तर पुढची केमो अडते, म्हणून त्यांच्या तारखाही वहीत लिहा.

आता तापाबद्दल. केमोनंतर साधारण आठ ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सियस ताप आला, की तो रुग्णालयात जायचाच ताप. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही. रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. मूल सुरगाणा, पेठ किंवा कळवणच्या आतल्या गावचं असेल तर हे दिवस गावी काढू नका, नाशिक शहरात नातेवाइकाकडे राहा. मुलाचं वय-वजन, आजार, शेवटच्या केमोची तारीख आणि "ताप आल्यास ताबडतोब दाखल करून अमुक अँटिबायोटिक द्यावं" असं लिहिलेलं डॉक्टरांचं एक पानी पत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दाराजवळ ठेवा.

पेशी वाढवायची जी-सीएसएफ इंजेक्शनं फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. गावाला नेताना बर्फाच्या डब्यात न्या, पण कुपी बर्फाला थेट चिकटू देऊ नका. गोठलं की औषध गेलं. टोचायला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर मदत करतात, पत्र दाखवून आधी बोलून ठेवा. खाण्याबद्दल फार सोवळं लागत नाही. ताजं शिजवलेलं, गरम, घरचं द्या. फळं जाड सालीची: केळं, संत्रं, मोसंबी. द्राक्षं मात्र काउंट कमी असताना नकोत. घडाच्या आतपर्यंत ती नीट धुतली जात नाहीत.

मुलाच्याच स्टेम सेल काढून ठेवणं

बोन मॅरो स्वच्छ झाली, किंवा बरीचशी झाली, की मुलाच्याच रक्तातून स्टेम सेल गोळा करतात. यासाठी भावंडाची जुळणी लागत नाही. दात्याच्या पेशी लागतात त्या उलटून आलेल्या रक्ताच्या कॅन्सरसारख्या दुसऱ्या आजारांना. जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त साठवलं नाही म्हणून हळहळणारे कितीतरी आई-वडील मी पाहिले. त्यांना मनापासून सांगते, या आजाराच्या या उपचारात त्याची गरज पडत नाही, तो भार मनावर घेऊ नका.

जी-सीएसएफचे मोठे डोस काही दिवस देऊन स्टेम सेल रक्तात आणतात. हाडं दुखतात, मूल चिडतं. मग यंत्राला जोडतात. एका नळीतून रक्त बाहेर जातं, यंत्र हव्या त्या पेशी वेगळ्या करतं आणि बाकी रक्त परत येतं. बारा-पंधरा किलोच्या मुलासाठी यंत्र आधी दात्याच्या रक्ताने भरून घ्यावं लागतं, म्हणून रक्तपेढीत आदल्या दिवशी चौकशी करा. चार-पाच तास मूल पलंगावर असतं. रक्त गोठू नये म्हणून वापरतात त्या द्रवाने कॅल्शियम कमी होतं आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. लहान मूल ते सांगू शकत नाही, ते फक्त ओठ चाटतं किंवा तोंड चोळतं. असं दिसलं की लगेच सिस्टरला सांगा, कॅल्शियम दिलं की थांबतं. पुरेशा पेशी म्हणजे मुलाच्या दर किलो वजनामागे किमान २० लाख सीडी-३४ पेशी (सीडी-३४ ही स्टेम सेल ओळखायची खूण). एका दिवसात झाल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात.

ऑपरेशन

चार-पाच सायकलनंतर गाठ आकसते, टणक होते, रक्तवाहिन्यांवरची पकड थोडी ढिली होते. ही ऑपरेशनची वेळ. सर्जन शक्य तितकी, ९० टक्क्यांहून अधिक गाठ काढायचा प्रयत्न करतात, पण एखाद्या मुख्य रक्तवाहिनीला चिकटलेला तुकडा मुद्दाम सोडतात. "पूर्ण निघाली का?" एवढाच प्रश्न विचारू नका. "काय राहिलं, कुठे राहिलं, आणि त्यावर पुढे काय करणार?" असं विचारा. आतड्यांच्या रक्तवाहिन्यांभोवती काम झालं असेल तर नंतर काही आठवडे जुलाब होऊ शकतात. जखम भरून मूल खाऊ-पिऊ लागलं की पुढच्या टप्प्याची तारीख लगेच मागा. "थोडं अंगावर धरू दे, मग बघू" असं आजी-आजोबा मायेने म्हणतात. ते डॉक्टरांनी म्हणायला हवं, घरच्यांनी नव्हे.

मोठी केमो आणि प्रत्यारोपण

नाव प्रत्यारोपण असलं तरी कॅन्सरवरचा घाव घालते ती केमो, पेशी नव्हे. बुसल्फान आणि मेल्फालान यांसारखी औषधं इतक्या मोठ्या मात्रेत देतात की अस्थिमज्जा पूर्ण रिकामी होते. साठवलेल्या पेशी ती पुन्हा भरून काढतात. पेशी देतात तो दिवस शून्य, पुढचे दिवस अधिक एक, अधिक दोन असे मोजतात.

साधारण चार ते सहा आठवडे एका खोलीत, एकच सोबती. आधी दातांची तपासणी करून घ्या, किडलेला दात या काळात जिवावर बेतू शकतो. बुसल्फान चालू असताना झटके येऊ नयेत म्हणून वेगळं औषध देतात, त्याचा एकही डोस चुकवू नका. मेल्फालान देताना चोखायला बर्फाचे खडे देतात, त्याने तोंड कमी येतं. मूल कंटाळलं तरी गोष्टी सांगत चोखायला लावा, पुढच्या आठवड्यात त्याचा फरक दिसतो.

शून्य दिवशी पिशवी कोमट पाण्यात वितळवून नळीतून देतात. गोठवताना वापरलेल्या द्रव्याचा लसणासारखा उग्र वास खोलीभर आणि मुलाच्या श्वासाला येतो, एक-दोन दिवस राहतो. लघवी लालसर होते. दोन्ही अपेक्षित आहे. खरे कठीण दिवस पाचव्या ते बाराव्या दिवसांतले. तोंडापासून आतड्यापर्यंत अस्तर सोलवटतं, थुंकीही गिळवत नाही. तेव्हा नाकातून नळीने किंवा शिरेतून अन्न देतात आणि दुखण्यावर मॉर्फिन देतात. मॉर्फिनला घाबरू नका, या दिवसांत त्याची सवय लागत नाही. वेदना सोसत पडून राहण्यापेक्षा ते फार चांगलं. सिस्टर रोज वजन आणि पोटाचा घेर मोजतात. एकदम वजन वाढणं, पोट फुगणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं, ही यकृताच्या रक्तवाहिन्या तुंबल्याची लक्षणं असू शकतात. तुम्हाला आधी दिसली तर लगेच बोला.

न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या असं धरतात, बहुतेकांत ते दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास होतं. घरी सोडलं तरी काही आठवडे केंद्राजवळच राहायचं.

घरी धाकटं भावंड असेल तर पल्स पोलिओच्या रविवारी तोंडातून थेंब देण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्या थेंबातला जिवंत विषाणू काही दिवस बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. पोलिओचं इंजेक्शन हा सुरक्षित पर्याय आहे.

आता निकालाबद्दल. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात प्रत्यारोपण झालेल्या मुलांपैकी ३४ टक्के तीन वर्षांनी आजार न उलटता होती, नुसती केमो पुढे चालू ठेवलेल्यांत २२ टक्के. त्यानंतर उपचार सुधारले. आज सगळे टप्पे आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीकडून कॅन्सरवर हल्ला करवणारं औषध) मिळते तिथे निम्म्याच्या आसपास मुलं दीर्घकाळ जगतात. म्हणजे झुंजायला कारण आहे, आणि खात्री कुणीही देऊ शकत नाही. खात्री देणारी, "स्टेम सेलने बरं करू" म्हणणारी दवाखान्यांची जाहिरात दिसली तर तिकडे फिरकू नका. बुसल्फान-मेल्फालाननंतर पुढे मूलबाळ होण्यावर परिणाम होण्याची शक्यता मोठी आहे. सही करण्याआधी हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

नंतरचं वर्ष

गाठीच्या जागेवर रेडिएशन, साधारण अडीच-तीन आठवडे. लहान मूल हलू नये म्हणून रोज भूल द्यावी लागते, म्हणजे रोज सकाळी उपाशी. सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

मग आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल, १४ दिवस घ्यायच्या, १४ दिवस बंद, असे सहा महिने. दूध किंवा तुपाच्या घासाबरोबर द्या. ओठ फाटतात, साल जाते, तूप-व्हॅसलिन लावा. घरात गर्भवती बाई असेल तर फोडलेल्या कॅप्सूलला तिने हात लावायचा नाही, गर्भाला धोका आहे. आणि अंगणवाडीत पाच वर्षांखालच्या मुलांना देतात तो जीवनसत्त्व अ चा डोस या काळात तुमच्या मुलाला नको, कारण हे औषध त्याच कुळातलं आहे. अंगणवाडीताईंना आधीच सांगून ठेवा. अँटी-जीडी२ ही इम्युनोथेरपी अमेरिकेत २०१५ पासून मंजूर आहे, पण ती अतिशय महाग. ट्रायल किंवा मदतीतून मिळेल का, एवढं जरूर विचारा, मात्र तिच्यासाठी घर-जमीन विकण्याचा निर्णय एकट्याने आणि रात्रीत घेऊ नका.

जुन्या लसींचं संरक्षण बहुतेक पुसलं जातं. लसी पुन्हा द्याव्या लागतात. साधारण सहा महिने ते वर्षानंतर सुरुवात, आणि गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी दोन वर्षांनंतर, डॉक्टरांच्या सांगण्यानेच. कान, हृदय, थायरॉइड आणि उंची-वजन यांच्या तपासण्या पुढे अनेक वर्षं चालतात. मूल शाळेत जायला लागलं की वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या: वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला तर त्याच दिवशी फोन करा. कांजिण्यांच्या संपर्कानंतर संरक्षणाचं इंजेक्शन द्यायचं असेल तर ते पहिल्या चार दिवसांत दिलेलं उत्तम, आणि ते नाशिकमध्ये कुठे मिळतं याची चौकशी गरज पडण्याआधीच करून ठेवा.